पंगत उठलीच नाई तं?

"ताई, आइकलं का? आमचा सालदार काल वावरात बसला, तं उठलाच नाई!"

काकूंच्या बातमीत माणूस पहिल्या वाक्यात जातो आणि चौथ्या वाक्यात चहा पीत परत येतो. अकोल्यात कौलखेडला राहायला आल्यापासून मी हे ऐकते आहे, तरी हातातला ओला टॉवेल तारेवर टाकायचा राहिलाच.

"उठलाच नाही म्हणजे?"

"अवो, धुऱ्यावर बसला म्हने. डोक्स गरगरून राह्यलं, घामानं निरा ओला. दोनदा वकला. लोकाईनं गाडीवर टाकून घरी आनला, झोपला. आन आज पायटी पाहतो तं पठ्ठ्या आपल्या गेटात हजर! म्हने, काकू, आता एकदम टनटनीत. उरलेलं तीन एक्कर आज मारून टाकतो, औषध द्या."

"आणि तुम्ही दिलं?"

"वट्ट्यावर चहा पिऊन राह्यला ना. तुमचे काका कोठ्यात बाटली हुडकून राह्यले. आभाय उघडं आहे, आज मारून घेऊ म्हनते, सकाऊन पाणी आलं तं पंचाईत. पराटी कमरेच्या वर गेली, तुडतुडे असे मातले का पानं लाल पडून राह्यली. त्यात पोळा चार दिवसांवर." काकूंनी अंबाडीचं पान खुडून सुपात टाकलं. "पन मले सांगा, काल मेल्यावानी होता न आज टनटनीत. म्हंजे उतरलंच ना ते?"

"नाही उतरलं."

"तुमी तं बाप्पा डॉक्टरच्या वर! पाह्यलं नाई, तपासलं नाई."

"काल काय मारलं होतं त्यानं?"

काकूंनी आवाज खाली घेतला. "मोनो. जुनी बाटली होती उरलेली. बंद झालं म्हनते ते. पन पैसे मोजले ना तिचे? तुमचे काका फेकतीन काय?"

मोनो म्हणजे मोनोक्रोटोफॉस. बाटलीवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे विषारीपणात सगळ्यात वरचा वर्ग. कापसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाण्यासारखं वापरलं गेलं. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली. पण राजपत्र दिल्लीहून निघतं, ते कोठ्यापर्यंत पोचत नाही.

"काकू, डोकं गरगरायचं थांबलं म्हणजे काल अंगात बिघडलं ते सुधारलं, असं नाही. ते भरून यायला महिने लागतात."

"महिने? असं काय बिघडलं? हातपाय तं धड आहेत त्याचे."

"हातपाय हलतात कसे, तिथंच बिघडलं."

अमरावतीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. फळा सुटला पण खोड सुटली नाही, असं काकू गल्लीभर सांगतात. तरी त्यांनी सूप मांडीवर नीट घेतलं. म्हणजे ऐकायची तयारी होती.

"आता तुम्ही पान खुडलंत. मेंदूतून निघालेला निरोप मणक्यातून बोटांपर्यंत आला. जलद नसांमधून असा निरोप सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो. नसेच्या आत तो विजेच्या रूपानं जातो."

"करंट."

"करंटच म्हणा. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये फट असते. अशा दोन हजार फटी एकीवर एक रचल्या, तेव्हा कुठं वहीच्या एका कागदाची जाडी भरेल. मेंदूत नसेला नस भेटते तिथं तर ती याहून अरुंद."

"मंग फटीतून करंट जाते कसा?"

"जातच नाही. तो टोकाशी थांबतो. टोकात बारीक बारीक पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, एकेकीत रसायनाचे काही हजार रेणू. करंट आला की पिशव्या फटीत रित्या होतात. ते रेणू पलीकडं जातात आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसतात. जागा भरल्या की स्नायू आखडतो, बोट हलतं."

"पंगत बसली म्हना ना!"

गल्लीतल्या मारोतीचा भंडारा नुकताच झाला होता. रोडगे आणि वांग्याची भाजी काकूंच्या देखरेखीखाली होती, आणि त्यांच्या डोक्यातून ती पंगत अजून उठली नव्हती.

"हो, पंगतच. येणाऱ्या पाव्हण्याचं नाव ॲसिटिलकोलीन."

"कोलीन? ते काच पुसाचं?"

"ते दुकानातलं. हे अंगातलं. आता मला सांगा, भंडाऱ्यात पहिली पंगत बसली, तर दुसरी कधी बसते?"

"पहिली उठल्यावर! पत्रावया उचलल्या, जागा झाडली, का बसवा दुसरी. आमच्या इथं वाढनारे पन्नास आन उचलनारे दोन. तिथीच तं बोंब झाली. अध्यक्षाचा साळा ढेकर देऊन बसला, बसला, तं बसलाच..."

"त्याचं नंतर. शरीरात उचलणारा पक्का आहे. कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो पाव्हण्यांची वाट लावतो. पाव्हणा आला, टेकला, निरोप दिला, की डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याचे दोन तुकडे."

"पाव्हन्याचे तुकडे? माय व!"

"इथं पंगतीचा दाखला जरा बाजूला ठेवा. त्यातला कोलीनचा तुकडा नस परत आत ओढून घेते, त्यापासून नवा पाव्हणा तयार करते. जागा मोकळी झाली, स्नायू सैल पडला, पुढचा निरोप घ्यायला मोकळा. निरोप पोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो वेळेवर संपणं."

"आन मोनो?"

"मोनो त्या उचलणाऱ्याचे हात बांधतं."

काकूंचं खुडणं थांबलं. "म्हंजे पंगत उठतच नाई."

"उठत नाही. आणि वरून नवे पाव्हणे येतच राहतात."

तेवढ्यात काकूंची सून ड्यूटीला निघाली होती, ती स्कूटी स्टँडला लावून कुंपणाशी आली. अमरावतीला माझ्याच वर्गात होती. आता तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. सासूबाईंच्या बातम्यांतल्या मेलेल्या माणसांची नाडी तीच तपासते.

"आई, त्याच्या डोयाच्या बाहुल्या पाह्यल्या का कोनी? बारीक झाल्या होत्या का?"

"मी काहून पाहू परक्या माणसाच्या डोयात?"

"पाहा लागते. मोनोच्या पेशंटच्या बाहुल्या पार टिपक्याएवढ्या होते. तोंडातून लाळ, नाकातून पाणी, घाम, पोटात मुरडा, संडास-लघवीवर ताबा राहत नाई, छाती कफानं भरते. मंग मांड्या-दंडांचे स्नायू आपोआप फडफडते. फडफडून फडफडून थकते आन लुळे पडते. श्वासाचा स्नायूबी त्यातच आला. माणूस जाते तो बहुतेक श्वासानंच."

"पाव्हना एकच न खोड्या इतक्या?" काकू म्हणाल्या.

"पाव्हणा एक, पण घरं वेगळी," मी म्हटलं. "निरोपाचा अर्थ बसायची जागा ठरवते. तोच रेणू हाताच्या स्नायूवर बसला तर स्नायू आखडतो, लाळेच्या ग्रंथीवर बसला तर लाळ सुटते, आणि हृदयावर बसला तर ठोके मंदावतात. हे सगळं रसायन आहे हे पहिल्यांदा हृदयावरच कळलं. तेही स्वप्नात."

"सपनात?" काकू तारेच्या आणखी जवळ आल्या.

"ऑस्ट्रियात ग्रात्स नावाचं गाव आहे. तिथं ऑटो लोवी म्हणून एक प्राध्यापक होता. नसा विजेनं बोलतात की रसायनानं, यावर तेव्हा भांडण पेटलेलं. १९२१ ची गोष्ट. रात्री त्याला झोपेत प्रयोग सुचला. उठून कागदावर खरडला, झोपला. सकाळी पाहतो तर अक्षर स्वतःलाच लागेना."

"आमच्या डॉक्टरवानी."

"दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी कागदाच्या भरवशावर न राहता तो थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं काढली."

"शिव शिव. श्रावनात काय सांगता!"

"बाहेर काढली तरी खारट पाण्यात ती बराच वेळ धडधडत राहतात. एकाची नस त्यानं विजेनं चेतवली, ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसऱ्याला नस नाही, वीज नाही. तरी त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे निरोप त्या पाण्यातून गेला. हा पदार्थ ॲसिटिलकोलीन आहे हे पुढं पक्कं झालं. लंडनचा हेन्री डेल १९१४ पासूनच त्याच्या मागावर होता. दोघांना मिळून १९३६ चं नोबेल मिळालं."

"झालं मंग भांडन?"

"कुठलं! वीजवाल्यांचा म्होरक्या जॉन एकल्स पुढं कितीतरी वर्षं झुंजला. मेंदूत तरी वीजच, म्हणाला. १९५१ मध्ये त्याच्या स्वतःच्याच प्रयोगात रसायनवाले बरोबर निघाले, आणि त्यानं ते कबूल केलं. त्यालाही १९६३ मध्ये नोबेल मिळालं."

"हारून बक्षीस? नशीबवान. आन तो सपनवाला?"

"तो ज्यू होता. १९३८ मध्ये हिटलरची माणसं ऑस्ट्रियात शिरली, त्याला तुरुंगात टाकलं. देश सोडू दिला, पण आधी नोबेलचे सगळे पैसे लिहून घेतले."

"बक्षिसाच्या पैशावर डोया सगळीकडंच असते बाप्पा," काकूंनी निकाल दिला. "पन बेंडकाचं काय घेऊन बसल्या? आमच्या सालदाराचं बोला."

"तेच बोलते आहे. बेडूक, सालदार आणि तुमच्या पराटीवरचे तुडतुडे, तिघांच्या अंगात हाच पाव्हणा आणि हाच उचलणारा. किड्याच्या मेंदूत मुख्य कारभार ॲसिटिलकोलीनवरच चालतो. मोनोनं किडा मरतो तो याच कारणानं. औषधाला किडा आणि माणूस वेगळा ओळखता येत नाही. फरक फक्त किती गेलं त्याचा."

"कंपनीवाले हे सांगत नाई."

"या घराण्याचा उगमच तसा आहे. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ किडीसाठी औषध शोधत होता. एक पदार्थ इतका जहाल निघाला की तो लष्करानं उचलला. ताबुन त्याचं नाव. त्याच्या मागोमाग सारिन. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ज्यानं माणसं मेली ते हेच सारिन. मोनो त्यांच्या मानानं बरंच सौम्य, पण चुलत घराणं एकच."

सून म्हणाली, "टोकियो कायले पाह्यजे मॅडम? यवतमाळ आहे की."

कुंपणाच्या दोन्ही बाजूला जरा वेळ कोणी बोललं नाही. २०१७ चा तो पावसाळा वऱ्हाडात कोणाला सांगावा लागत नाही. जुलै ते नोव्हेंबर या महिन्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, आठशेच्या वर दवाखान्यात दाखल झाले. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतही माणसं गेली. त्या वर्षी पराटी दाट आणि डोक्याला लागेल इतकी उंच झाली होती, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधं एकत्र घुसळून मारली जात होती, बॅटरीचे जोरकस पंप आले होते आणि उकाड्यानं अंगावर कपडा ठेववत नव्हता. डोक्याच्या वर फवारायचं, तो तुषार तोंडावर, छातीवर, पाठीवर घ्यायचा. कातडीतून विष आत जात होतं. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, आणि मोनोवर बंदी घालावी अशी त्या पथकाची शिफारस होती.

"आपल्याच शहरात पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे, १९६९ पासून," मी म्हटलं. "काका तिथं विचारायला कधी गेले?"

"कृषी केंद्रवाला उधार देते ताई. विद्यापीठ उधार देते काय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. काकूंनी विजयानं अंबाडीचा देठ फेकला.

"बरं, मंग यावर उतारा काय? दवाखान्यात काय करते तुमी लोकं?"

"पहिलं कपडे काढाचे आन साबन लावून सपा आंग धुवाचं," सून बोटांवर मोजत सांगू लागली. "केसं, नखं, सगळं. नाई तं इंजेक्शन चालू आन कपड्यातून विषबी चालू. बाटली संगं आनाची, लेबल पाहू द्याचं. उलटी काढाच्या भानगडीत पडाचं नाई, दूध-तूप पाजाचं नाई. मंग ॲट्रोपिन. छाती कोरडी होतपर्यंत देत राहा लागते, कधी दिवसच्या दिवस."

"ते काय करते?"

"ॲट्रोपिन जागेवर जाऊन बसतं, पण जेवत नाही," मी म्हटलं. "जागा अडवून ठेवतं, म्हणजे खऱ्या पाव्हण्याला बसता येत नाही."

"रुमाल टाकून ठेवते लोक पंगतीत, तसं."

"अगदी तसं. पण हा रुमाल सगळ्या पंगतीत पडत नाही. लाळ, घाम, छाती, हृदय, इथं पडतो. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरच्या जागा वेगळ्या घडणीच्या, तिथं पडत नाही. म्हणून ॲट्रोपिन देऊनही काही जणांना व्हेंटिलेटर लावावा लागतो. उचलणाऱ्याचे बांधलेले हात सोडवायला पॅम म्हणून दुसरं इंजेक्शन देतात, पण ते लवकर द्यावं लागतं. वेळ गेला की गाठ कायमची बसते."

"आणि काकू," मी पुढं म्हटलं, "ॲट्रोपिनचं सगोत्र तुम्ही परवा सोमवारी राजेश्वराला वाहून आलात."

"मी? बेल वाह्यला, फुलं वाह्यली, धोतऱ्याचं फय..." काकू थांबल्या. "धोतरा?"

"धोतऱ्यात हेच द्रव्य असतं, आणि त्याची भावंडं. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, काळीज धडधडतं. मोनोच्या बरोबर उलट."

"मंग वावरात धुऱ्याधुऱ्यानं धोतरा उभा आहे! एक बी चघळली का..."

"आई!" सून जवळजवळ ओरडलीच. "दुसरी विषबाधा होईन. बीत किती आहे हे कोन मोजते? भ्रमिष्ट होऊन फिरते मानूस. आमी इंजेक्शनबी छाती आइकून, नाडी पाहून वाढवत नेतो."

"बरं बाई, नाई देत. देवाले वाहतो, तेवढंच."

"आन तुमी मोनोले शिव्या देऊन राह्यल्या," सुनेच्या चेहऱ्यावर आता गंमत होती, "पन रोज रात्री आबाजीले तुमी सोता त्याच जातीची गोळी देता."

"काय बोलतं व!"

"विसरभोळेपनाची. डोनेपेझिल. मॅडम, सांगा ना."

मी सांगितलं. काकूंच्या घरातल्या म्हाताऱ्या आबाजींच्या दुखण्यात मेंदूतल्या ज्या नसा ॲसिटिलकोलीन सोडतात त्या झिजत जातात. पाव्हणेच कमी येतात. मग आलेले जरा जास्त वेळ बसावेत म्हणून उचलणाऱ्याला थोडं, अगदी मोजून, अडवायचं. त्यानं दुखणं थांबत नाही, पण काही जणांचे काही दिवस सोपे जातात.

"म्हनून नातवाचं नाव सांगतलं त्याईनं परवा!" काकू खूश झाल्या. "माह्यं नाई सांगतलं, ते सोडा."

"नाग चावला तरी तेच," सून म्हणाली. "नागाचं विष स्नायूवरच्या जागा अडवून बसते. पापन्या झाकते, मान पडते, श्वास जाते. तवा सापाच्या लसीसंगं आमी निओस्टिग्मिन देतो. तेबी उचलनाऱ्याले अडवते. पाव्हने वाढले का रेटारेटीत जागा मियते. मण्यार चावला तं त्याचा फायदा फारसा नाई."

"काहून? ते तं दोन्ही सापच."

"मण्यार नसेच्या टोकालाच खराब करतो," मी म्हटलं. "पाव्हणे घरातून निघतच नाहीत, मग उचलणाऱ्याला अडवून करायचं काय? म्हणून पावसाळ्यात भुईवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावला, तर मांत्रिकाकडं घालवलेला प्रत्येक तास व्हेंटिलेटरच्या वाटेवरचा असतो."

काकूंनी एकदा सुपाकडं पाहिलं, एकदा वट्ट्याकडं. तिथं सालदारानं चहा संपवून खर्रा घोटायला घेतला होता. तळहातावर पन्नी, त्यात सुपारी, चुना, तंबाखू, आणि अंगठा जोरात चाललेला.

"तेबी पाहा," सून म्हणाली. "औषधाच्या हातानं खर्रा. काल वावरातबी घोटलाच असन."

"आणि तंबाखूतलं निकोटिन याच जागांवर बसणारं," मला राहवलं नाही. "बिनबोलावता येतं आणि उचलणाऱ्याला दाद देत नाही. तुडतुड्यांसाठी तुम्ही इमिडाक्लोप्रिड मारता ना, ते निकोटिनसारखंच वागणारं. एका फटीभोवती सगळी यात्रा भरली आहे, काकू. मोनो, इमिडा, खर्रा, धोतरा, नाग आणि आबाजींची गोळी."

"सगळे एकाच पंगतीत! पन मंग गोळीनं आबाजीले बरं वाटते आन मोनोनं हा आडवा होते, हे कसं?"

"मोजणं," सून म्हणाली. "दवाखान्यात आमी मोजून अडवतो. वावरात मोजते कोन?"

मी म्हटलं, "तेच मी मघापासून सांगते आहे. काल त्याच्या अंगातल्या उचलणाऱ्यांपैकी समजा शंभरातल्या तिसांचे हात बांधले गेले. रात्री झोपला, डोकं गरगरायचं थांबलं. शरीर उरलेल्या सत्तरांवर भागवून नेतं, म्हणून तो टणटणीत दिसतो. पण बांधले गेलेले एका रात्रीत परत येत नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशींतलं हे एन्झाइम दिवसाला साधारण एका टक्क्यानं भरून येतं. नव्या पेशी तयार होतील तसं. आज तो पुन्हा गेला, तर शंभरातून नाही, सत्तरातून वजा होणार. चौथ्या फवारणीला कालच्यापेक्षा कमी औषध लागलं तरी तो आडवा होईल. आणि तुम्ही म्हणाल, इतके दिवस मारत होता, आजच काय झालं?"

"असंच म्हनलं होतं..." काकू कोणाबद्दल तरी बोलणार होत्या, बोलल्या नाहीत.

"अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७४ पासून कायदाच आहे. असली औषधं हाताळणाऱ्या मजुराचं रक्त हंगामाच्या आधी तपासायचं, त्याचा आकडा लिहून ठेवायचा. नंतर मधून मधून तपासायचं. तांबड्या पेशींतला आकडा मूळच्या ७० टक्क्यांवर आला की त्याला फवारणीवरून उठवायचं, ८० च्या वर चढेपर्यंत परत लावायचं नाही. बरं वाटतं का, हे त्याला विचारत बसायचं नाही."

"आन रोज?"

"काय रोज?"

"त्याचा रोज कोन देते तोवर?"

कॅलिफोर्नियाचे कायदे करणाऱ्यांना पडला असेल तोच प्रश्न काकूंनी अंबाडी खुडत विचारला. मी म्हटलं, "दुसरं काम द्यायचं."

सून मात्र वट्ट्याकडंच बघत होती. "आई, एक गोष्ट राह्यलीच. काही पेशंट पहिल्या दिवशी सुधरते. आन चोवीस तासानंतर, चार दिवसांच्या आत, मान उचलता येत नाई. दंड वर होत नाई. मंग श्वास थकते. बरं झालं म्हनून घरी गेलेला मानूस..."

काकूंनी सूप खाली आपटलं. "अरे ए! मान वर कर! वर कर म्हनतो ना!"

वट्ट्यावरच्या माणसानं दचकून खर्रा सांडला आणि आभाळाकडं पाहिलं.

"आता हात वर कर. दोन्ही! ... करते व हा. मान पन धरते."

"आता धरते. संध्याकाळचं कोन सांगते? याले मी घेऊन जातो दवाखान्यात. डॉक्टर पाहतीन. रक्तबी काढू, कोलिनएस्टरेज म्हनून लिहून देतीन."

कोठ्यातून काका बाहेर आले. हातात बाटली. लेबल अर्धं निघालेलं, त्रिकोण मात्र लालभडक शाबूत. "सापडली! चाल रे, ऊन वाढाच्या आंधी..."

"ठेवा ते खाली," काकू म्हणाल्या. "हातबी धुवा. साबनानं."

"काय झालं?"

"पंगत उठली नाई त्याची अजून."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत या कुंपणावरून त्यांच्या घरात जे जे शिरलं, त्या सगळ्याचा संशय त्या नजरेत होता.

"मंग फवारा मारीन कोन? तुडतुडे थांबते काय?"

"विद्यापीठात जा आन विचारा, याच्याबिगर काय मारता येते. लाल त्रिकोन नाई पाह्यजे म्हना. हा महिनाभर पंपाले हात लावनार नाई. फवारलेल्या पराटीतबी जानार नाई. पोळा आहे, बैलं धुईन, शिंगं रंगवीन, झुला शिवून घेईन. साल ठरलं तेवढंच द्याचं, त्यातलं कापाचं नाई."

"आन पंप?"

"तुमी मारा. पन आंधी तुमचंबी रक्त तपासून या. सुरवातीचा आकडा माहीत पाह्यजे म्हने कॅलिफोर्नियात."

सालदार अंग चोरून स्कूटीवर मागं बसला. सुनेनं किक मारली, आणि काकू गेटातून ओरडल्या, "रस्त्यानं खर्रा काढला तं मले फोन कर व!" मग सूप उचलून परत तारेशी आल्या आणि आवाज पुन्हा खाली घेतला.

"हां, तं ताई, अध्यक्षाचा साळा. पंगतीत बसला तं बसलाच. तुमाले सांगतो, त्याले उठवाले शेवटी कोन आलं असन?"